तळाशी येणारी अक्षरे

दोन डिसेंबर, मंगळवार. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मोबाईलवरून एकशे एकोणपन्नास रुपये गेले. त्या वेळी आमच्या मधल्या खोलीत तिघे हजर होतो: मी, माझी बायको, आणि शेजारच्या घरातली माझ्या धाकट्या भावाची बायको. पैसे गेल्याची घंटी मोबाईलने वाजवली ती आम्ही दोघांनी ऐकली. माझ्या बायकोने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले.

रक्कम लहान आहे. पण तिथवर पोचायला मला सव्वा महिना लागला, म्हणून आधी तो सव्वा महिना सांगतो.

जामखेडला बाजाराच्या रस्त्यावर माझा वजनकाटा आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा येतो. रिकामी होऊन परत येते, दुसरा आकडा येतो. वजाबाकी करून मी पावती देतो. एकोणीस वर्षे हेच काम आहे. ड्रायव्हरला खाली उतरवल्याशिवाय मी वजन घेत नाही, आणि त्यावरून रोज एखादा तरी मला बोलतो. मागच्या हंगामात एक जण म्हणाला, "शेठ, मी काय तूर हाय का?" मी म्हणालो, "तूर नाहीस, म्हणूनच उतर." दुपारी एक ते चार रस्ता ओस पडतो. तेवढ्यात मी घरी येऊन जेवतो.

बायकोचे कान सहा वर्षांपासून जात चालले आहेत. नगरच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला आहे. उजवा कान सत्तर, डावा ऐंशी. हा आकडा जितका मोठा तितके ऐकू कमी, हे मला तिथेच कळले. त्याआधी आकडा मोठा असला की चांगले, अशीच माझी सवय होती. अडतीस हजारांचे यंत्र घेतले. ते कपाटात डबीत आहे. "आवाज येतो," ती म्हणते, "शब्द येत न्हाईत." दूर कुठे पाणी वाहत असावे तसे तिला माणसांचे बोलणे ऐकू येते. माझे ओठ तिला बरेच वाचता येतात. लांबलचक काही सांगायचे असले तर मी रद्द झालेल्या पावतीच्या पाठीवर लिहून देतो.

दीड वर्षापूर्वी एका बारशात शेजारी बसलेली बाई तिला आपल्या भावाचे दुखणे सांगत होती, आणि आमची ही हसून मान डोलवत राहिली. पुढे तिला ते कळले. तेव्हापासून ती कोणाच्या घरी जाईना. लग्नाला गेलीच तर जेवून लगेच परत. तिच्याकडे येणाऱ्या बायकाही कमी झाल्या. त्यांचा दोष नाही. ओरडून सांगता येतील अशा गोष्टी जगात फार थोड्या असतात.

येणारी एकच उरली होती, ती धाकटी जाऊ. आमच्या दोन घरांची भिंत एक आहे. भाऊ टेम्पो चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. ती दुपारी येई, निवडायला काही तरी घेऊन बसे, दोघी गप्प निवडत. पण तीही अलीकडे चार-चार दिवसांनी येऊ लागली होती, आणि आली तरी बायकोला विचारायचे ते मला विचारी. बायको आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाही.

दिवाळीत मुलगी पुण्याहून चार दिवस आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाईलवर कोरियन मालिका बघत पडली होती. तिची आई शेजारी जाऊन बसली. मी पेपर वाचत होतो. मध्येच मुलगी हसली, आणि त्याच क्षणी तिची आई हसली. मी पेपर खाली घेतला. आमच्या घरात दोन माणसे एकदम हसल्याला किती दिवस झाले होते, मला आठवेना. एरवी आम्ही हसायचो, मग ती विचारायची, मग आम्ही सांगायचो, मग ती हसायची, आणि तोवर त्या गोष्टीत काही राहिलेले नसायचे.

पडद्याच्या तळाशी हिंदीत अक्षरे येत होती. कोरियन कोणालाच येत नव्हते. मुलीला नाही, तिच्या आईला नाही, मला नाही. तिथे सगळे सारखेच बहिरे होते, आणि वाचता येणाऱ्या प्रत्येकाला सगळे कळत होते.

मुलगी जाताना म्हणाली की माझेच खाते आईच्या मोबाईलवर टाकून देते. मी विचारले, खाते कोणाच्या नावावर आहे? तिच्या मैत्रिणीच्या. पैसे कोण भरते? त्या मैत्रिणीची बहीण. मी म्हणालो, राहू दे. ती वैतागली. सगळे जग असेच बघते, असे तिचे म्हणणे. मी म्हणालो, सगळे जग काट्यावर ड्रायव्हरसकटच गाडी चढवते.

मग मी मोबाईलच्या दुकानात गेलो. मला या व्यवहाराची काहीच कल्पना नव्हती. दुकानदार माझ्याच वयाचा, ओळखीचा. त्याने शंभर रुपयांत पेनड्राइव्ह भरून दिला: तीन मालिका, दोन सिनेमे. पैसे देऊन दुकानातून घेतले म्हणजे ते रीतसर, एवढीच माझी समजूत. सवयीने मी पावती मागितली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पिक्चर भरल्याची पावती मागणारे तुम्ही पहिलेच." पावती मिळत नाही म्हटल्यावर माल कुठला ते मला कळले. तरी घरी नेऊन लावून पाहिला, हे कबूल करतो. त्यात कोरियन माणसे हिंदी बोलत होती आणि खाली अक्षरे नव्हती. बायकोने पाच मिनिटे त्यांचे ओठ वाचायचा प्रयत्न केला. ओठ एका भाषेत, आवाज दुसऱ्या भाषेत, आणि आवाज तर तिला नव्हताच. ती म्हणाली, "हे माझ्या कामाचं न्हाई." पेनड्राइव्ह मी पुसून टाकला. शंभर रुपये गेले ते गेले.

त्यानंतर कोणीतरी एक फुकटची जागा सांगितली. तिथे अक्षरे होती, पण ती बोलण्याच्या सात सेकंद मागून येत. मी घड्याळ लावून मोजले. मालिकेतली पोरगी रडून डोळे पुसून उठायची आणि मग तळाशी तिची आई गेल्याची बातमी यायची. वर दर दहा मिनिटांनी जुगाराची जाहिरात. तीही बंद केली.

मग ठरवले की सरळ मार्ग आहेत तरी किती, ते नीट पाहायचे. काट्याच्या खोलीत नेट चांगले चालते. गाड्या नसतील तेव्हा मी एकेक उघडून पाहू लागलो. मुलगी फोनवरून सांगे, मी लिहून घेई. पूर्वेकडच्या सिनेमांची एवढी दुकाने या जगात असतील असे मला वाटले नव्हते. काही कंपन्या आपल्याच मालिका आपल्याच अधिकृत ठिकाणी जाहिरातींसह फुकट दाखवतात, आणि ते अगदी रीतसर असते. त्यांच्यात चिनी राजवाड्यांच्या मालिका भरपूर, पण अक्षरे बहुतेक इंग्रजी, आणि ती पळतात. एका ठिकाणी जपानी सिनेमा भाड्याने मिळतो: एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. मी एक घेतला. त्यात एक म्हातारा दोन तास एका छोट्या स्टेशनात झाडलोट करतो, आणि शेवटी एक गाडी येऊन थांबते. बायकोला तो फार आवडला. दोन-तीन ठिकाणी सगळे जुळत आले की शेवटी लिहून येई, आपल्या देशात उपलब्ध नाही. आणि एका ठिकाणी हिंदी अक्षरे होती, वेळेवर येणारी होती, आणि मालिका मोबाईलमध्ये उतरवून ठेवायची सोय होती. ती फक्त मोबाईलवर बघायची, टीव्हीवर नाही. एका वेळी एकच पडदा. महिना एकशे एकोणपन्नास.

उतरवून ठेवायची सोय मला महत्त्वाची होती, कारण आमच्या घरात नेट येते आणि जाते. काट्यावर बसून भाग उतरवायचे, घरी नेऊन बघायचे. उतरवलेला भाग आपला होत नाही, हेही मी वाचले. तो त्यांच्याच डब्यात राहतो, ठरावीक मुदतीने विरघळून जातो. नियम सगळे वाचायला मला दोन दुपारी लागल्या. शेवटच्या दुपारी धाकटी आली होती, हातात तुरीच्या शेंगा. काय चालले आहे म्हणून तीही शेजारी बसली, आणि तिच्यासमोर मी पैसे भरले.

त्या डिसेंबरच्या दुपारी मला नीट क्रमाने आठवत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मोबाईल शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला. खिडकीला हिरवा पडदा, त्यातून येणारे हिरवट ऊन. दोघी जावा पोटावर पालथ्या, हनुवट्या हातांवर, आणि मी मागे खुर्चीत. बाहेर ज्वारी पोटऱ्यात आलेली, रस्त्यावर धूळ, आणि आत त्या पाच इंची चौकटीत बर्फ पडत असे. बर्फ आवाज न करता पडतो हे मला आधी माहीत नव्हते. आवाज येत नसावा अशी आमची समजूत, कारण आम्ही मोबाईलचा आवाज बंद ठेवत होतो.

तो धाकटीने बंद केला. दुसऱ्याच दिवशी. कोरियन बोलणे तिच्या कानाला टोचत असेल असे मला वाटले. ती म्हणाली, "आवाज कशाला, दादा? अक्काला यीत न्हाई ते मला आलं तर मी तिच्या फुडं पळंन."

दोघीही दहावी झालेल्या, वाचायचा वेग जवळजवळ सारखा. एखादे वाक्य लांब असले की दोघींचे ओठ हलत. न कळलेला हिंदी शब्द धाकटी बोटाने हवेत मराठीत लिहून दाखवी. त्या मालिकेत एक गर्विष्ठ सासू होती, समुद्रकाठच्या हॉटेलाची मालकीण. तिला दोघींनी आमच्या भावकीतल्या एका बाईचे नाव ठेवले होते, आणि ती पडद्यावर आली की दोघी एकमेकींना कोपराने ढोसत. शब्द एकही नाही. मला ते नाव कधी कळू दिले नाही.

मी मागे बसून निम्मे बघे, निम्मे डुलकी. एकदा वाटले, खोलीभर पाणी चढले आहे आणि आम्ही तिघे त्याच्या तळाशी निवांत आहोत. वर कुठेतरी गाड्या, हॉर्न, बाजार. खाली हिरवा उजेड आणि पांढरी अक्षरे, येणारी आणि जाणारी. तळहात कानांवर दाबून मी थोडा वेळ तसाच बसलो. बायको सहा वर्षे कुठे राहते आहे ते मला त्या दिवशी थोडेसे दिसले. ती जागा वाईट नव्हती. फक्त तिथे दुसरे कोणी यायला हवे होते, आणि आता येत होते. धाकटी चार दिवसांनी नाही, रोज येऊ लागली. तिची यायची वेळ अडीचची होती, ती दोनची झाली.

नाताळच्या सुट्टीच्या आसपास धाकटीने नवा मोबाईल घेतला. तो घेऊन ती आली आणि म्हणाली, "दादा, तुमचं ते खातं माझ्यात बी टाकून द्या. सैपाक करताना बघत जाईन." तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

मी नियम वाचलेले होते. एक सभासदत्व एका घरासाठी, असे त्यात स्पष्ट होते. घर म्हणजे काय, हे कंपनीने तिच्या पद्धतीने लिहिले होते. ते मी आमच्या पद्धतीने समजून घेतले होते. आमच्याकडे घर मोजायची रीत एकच आहे. एका चुलीवर जेवतात ते एक घर. भिंत, अंगण, नळ, आडनाव एक असले तरी चूल वेगळी म्हणजे घर वेगळे. रेशनकार्डही तसेच निघते. मी तिला काट्यावर सांगावे तसे सांगितले.

"न्हाई जमणार. नियमानं तू ह्या घरात धरली जात नाहीस. चूल वेगळी आहे आपली."

तिने मोबाईल मागे घेतला. "बरोबर हाय," ती म्हणाली. "धरलीच न्हवती कधी." आणि निवडायला आणलेले शेंगांचे ताट तिथेच ठेवून गेली.

तेव्हा मला आठवले. अकरा वर्षांपूर्वी आमची वाटणी झाली ती मीच केली. भांडण नव्हते, वडील गेल्यावर रीतीने केली. सगळे टेपने मोजले. धान्य तर मी काट्यावर नेले: ज्वारी अकरा क्विंटल चाळीस किलो, पाच-सत्तर त्यांना, पाच-सत्तर आम्हाला. धाकटीच्या तेव्हा पोटात होते, सातवा महिना. तिने माझ्या बायकोकडून निरोप पाठवला होता की बाळंतपण होईपर्यंत चूल एकच ठेवू. मी म्हणालो, वाटणीनंतर चूल एक राहिली की हिशोब मिसळतात, ती त्याच दिवशी वेगळी व्हावी. ती त्याच दिवशी वेगळी झाली. मला त्यात काही चूक दिसली नव्हती, आणि तिने पुढे कधी काही बोलून दाखवले नव्हते.

बायकोला ऐकू आले नव्हते, पण तिने धाकटीचा चेहरा पाहिला होता. तिने विचारले. मी पावतीच्या पाठीवर लिहून दिले, जसे बोललो तसे. तिने वाचले, पावतीची घडी केली.

"हे तुमी तोंडानं बोललात?" ती म्हणाली. "मला ऐकू आलं न्हाई तेच बरं झालं."

धाकटी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. मी बायकोशेजारी बसून मालिका लावून दिली. तिने दहा मिनिटे पाहिली आणि हाताने बंद करायला सांगितले. एकटीने वाचायला हे काय पुस्तक आहे, म्हणाली. मी शेजारी होतो, पण मी शेजारी असल्याचे ती धरत नव्हती, आणि तिचे बरोबर होते. माझे वाचन तिच्यापेक्षा जलद आहे. मी आधी हसतो.

आठ दिवस झाले. काट्यावर मी सवयीने भाग उतरवत होतो, घरी ते कोणी बघत नव्हते. उतरवलेल्यांपैकी चार भागांची मुदत संपली. मालिका जिथे थांबली होती तिथे बर्फात एक बस उभी होती आणि एक बाई तिच्या पायरीवर एक पाय ठेवून होती. तो पाय वर गेला नाही की खाली आला नाही. बायको पुन्हा भिंतीशी बसून तांदूळ निवडू लागली, निवडलेले पुन्हा निवडू लागली. मला भीती वाटली ती याची. कान गेले ते डॉक्टरांच्या कागदावर होते. धाकटी गेली तर ते कुठल्या कागदावर येणार, आणि त्यावर यंत्र कुठले मिळणार?

मी कंपनीच्या मदतकेंद्राला लिहून विचारले. मुलीने इंग्रजी करून दिले. प्रश्न असा होता की एकच भिंत असलेल्या दोन घरांत स्वयंपाक वेगवेगळा होत असेल, तर दुसऱ्या घरातल्या बाईने आमच्याकडे येऊन बघावे की नाही. चार मिनिटांत उत्तर आले. आपल्या घरी आलेल्या कोणीही शेजारी बसून बघायला हरकत नाही. वेगळ्या घरात, वेगळ्या मोबाईलवर रोज बघायचे असेल तर वेगळे सभासदत्व घ्यावे. आणि खाली त्या माणसाने नम्रपणे लिहिले होते की स्वयंपाकघराबाबत कंपनीचा कोणताही नियम नाही.

मुलीने ते फोनवर मोठ्याने वाचून दाखवले. मग म्हणाली, "बाबा, काकूला तुम्ही स्वतः जाऊन सांगा."

मी गेलो. धाकटी ओट्यावर पीठ चाळत होती. मी दारात उभा राहून सांगितले की तिकडे येऊन बघायला चालते, मी विचारून घेतले आहे. तिने चाळण थांबवली नाही. "कंपनीनं बोलावलं म्हणून येऊ का?" ती म्हणाली. मी परत आलो.

बायकोने माझ्या चेहऱ्यावरून ते वाचले असावे. जेवण झाल्यावर तिने पदर नीट केला, डब्याला टेकवलेला मोबाईल उचलला आणि चपला घातल्या. कुठे, मी विचारले. तिने भिंतीकडे बोट केले. दीड वर्षात ती कोणाच्या घरी बोलायला म्हणून गेली नव्हती. आमच्या उंबऱ्यापासून धाकटीच्या उंबऱ्यापर्यंत बावीस पावले आहेत. मी दारात उभा राहून तिला पाहत होतो. ती मध्ये एकदा थांबली, मोबाईल या हातातून त्या हातात घेतला, आणि पुढे गेली. प्रवासात बघायला नियमात परवानगी आहे, एवढे माझ्या मनात येऊन गेले.

भिंतीपलीकडून काही ऐकू आले नाही. मी बराच वेळ कान देऊन बसलो. तीन वाजले, साडेतीन वाजले. चार वाजता मला काट्यावर जायचे होते, मी गेलो नाही. एक कांद्याची गाडी त्या दिवशी दुसऱ्याच्या काट्यावर गेली. हिरव्या पडद्यातला उजेड खोलीतून हळूहळू भिंतीवर चढला आणि तिथेच पिवळा झाला.

पावणेपाचला ती आली. हाताला पीठ, अंगाला भाकरीच्या धुराचा वास.

"तिच्या चुलीवर जेवले," ती म्हणाली.

"तू तर इथं जेवून गेली होतीस."

"म्हून काय झालं?"

तू तिला काय सांगितलेस, असे मी विचारले, ओठ स्वच्छ हलवत. ती मोबाईल जागेवर ठेवत म्हणाली, "मी म्हणलं, तुला बोलायचं न्हाई अन् मला ऐकू यीत न्हाई. मग अडचण काय हाय?"

बर्फातली बस सुटली होती. त्या बाईने पाय वर घेतला होता, असे तिने मला सांगितले. त्या भागाला मी नव्हतो.

त्यानंतर त्या दोघी तिकडेच बसू लागल्या. मोबाईल आमचा, चटई धाकटीची. मी एकटा जेवून काट्यावर जाई. एका रविवारी धाकटी स्वतः आली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा थेट माझ्याकडे काम घेऊन. तिला तिचे वेगळे सभासदत्व घ्यायचे होते. मी सांगितले की तुम्ही दोघी एकाच पडद्यावर बघता, दुसरे एकशे एकोणपन्नास वाया जातील. ती म्हणाली, जाऊ द्या. शिवणाचे माझे पैसे आहेत. मग मी म्हणालो, ते मी भरतो. त्यालाही ती नाही म्हणाली.

आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. बायको उंबऱ्यावर. मी एकेक पान उघडून तिला भरायला लावले, तिचा नंबर, तिचे खाते. मध्ये चक्र फिरत राहिले, नेट अडकले, तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

"चुकीचं न्हाई, दादा," ती चक्राकडे बघत म्हणाली. "तुमी बरोबरच बोलता. तेच लई अवघड हाय."

नेट आले. कोण कोण बघणार, असे पडद्यावर विचारले. तिने आधी स्वतःचे नाव टाकले, मग एक-एक अक्षर शोधत दुसरे टाकले: अक्का. वळून मोबाईल उंबऱ्याकडे धरला. बायकोने डोळे बारीक करून वाचले आणि पदराचे टोक तोंडाशी नेले.

"आता माझ्या घरात अक्का धरली तर कंपनीला चालंल का?" धाकटीने मला विचारले. तिच्या आवाजात टोमणा होता, आणि थोडा खरा प्रश्नही होता.

मी नियम मनात पुन्हा एकदा चाळले. मग म्हणालो, "चालेल."

अठरा जानेवारी, रविवार, दुपारी तीन वाजून पाच मिनिटे. आम्ही तिघे हजर असताना धाकटीने स्वतःच्या बोटाने आकडे दाबले, आणि तिच्या शिवणकामाच्या खात्यातून एकशे एकोणपन्नास रुपये त्या कंपनीला गेले.